आराखड्यांचें वाङ्मय

मराठी गद्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं बखर, निबंध, चरित्र, प्रवासवर्णन असे गद्याचे जे प्रकार मानिले आहेत, त्यांत अलीकडे एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. परंतु तिच्याकडे कोणाहि टीकाकाराचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. हा प्रकार म्हणजे शिक्षणसंस्थांचे विकास-आराखडे. शाळा, महाविद्यालय, विद्यापीठ, कोणतीहि संस्था घ्या. तिच्या कार्यालयाच्या कपाटांत गुळगुळीत कागदावर छापलेला, रंगीत चित्रांनीं आणि आलेखांनीं नटलेला असा एक ग्रंथ हल्लीं हटकून सांपडतो. पुढील पांच, दहा किंवा पंचवीस वर्षांत ती संस्था काय करणार हें त्यांत सांगितलेलें असतें. हे ग्रंथ लिहिणारे पुष्कळ, छापणारे पुष्कळ, तपासणारेहि पुष्कळ. वाचणारे मात्र फारसे कोणी नाहींत. ज्या घरांतून हें मासिक जातें त्या घरांतील आईबापें मुलाला महाविद्यालयांत घालतांना माहितीपत्रक पाहतात, फी पाहतात, वसतिगृहाच्या खिडक्यांना जाळी आहे कीं नाहीं तेंहि पाहतात. पण ज्या ग्रंथांत त्या मुलाचीं पुढील तीन-चार वर्षें आधींच लिहून ठेवलेलीं असतात, तो ग्रंथ ते मागत नाहींत. त्यांच्या वतीनें आम्हीं तो वाचला. त्याचा हा वृत्तांत आहे.

हें पीक एकाएकीं कां वाढलें याचें कारण सरळ आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानें प्रत्येक विद्यापीठानें दर पांच वर्षांनीं आपल्या क्षेत्राचा बृहत् आराखडा करावा व नवीं महाविद्यालयें कोठें निघावीं हें त्यावरून ठरावें, असें सांगितलें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें त्यापुढें जाऊन प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेनें स्वतःचा विकास-आराखडा करावा असें म्हटलें, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२४ मध्यें त्याविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या. मूल्यांकनासाठीं समिती येते तीहि 'आराखडा कोठें आहे?' असें विचारते. तेव्हां आराखडा लिहिणें हें आतां प्राचार्यांचें नित्यकर्म होऊन बसलें आहे. कांहीं ठिकाणीं तें सल्लागार मंडळ्यांना मोल देऊन करवून घेतात. पूर्वीं यजमान उपाध्यायाकडून जप करवून घेई व पुण्य आपल्या खातीं जमा करी, तसेंच हें.

गेल्या वर्षभरांत असे पांच आराखडे आम्हीं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. संस्थांचीं नांवें येथें देत नाहीं. पांचांपैकीं चार ग्रंथांतील संस्थेचें नांव बोटानें झांकलें तर कोणता ग्रंथ कोणाचा हें त्यांच्या कर्त्यांनाहि ओळखतां येणार नाहीं. मग नांव देऊन तरी काय साधणार? समुद्रकिनाऱ्यावरील संस्था आणि अवर्षणग्रस्त तालुक्यांतील संस्था या दोघींनींहि 'जागतिक दर्जा', 'सर्वसमावेशकता' व 'मूल्याधिष्ठित उत्कृष्टता' यांचीच प्रतिज्ञा केली आहे. एकीच्या दारांत मासेमारी करणाऱ्यांचीं मुलें आहेत, दुसरीच्या दारांत ऊसतोडीला जाणाऱ्यांचीं. परंतु ग्रंथांत कोठें मासळीचा वास नाहीं कीं उसाचें पाचट नाहीं. पांचव्या ग्रंथाविषयीं शेवटीं लिहूं.

ग्रंथाची परीक्षा त्याच्या भाषेपासून करावी असा आमचा जुना शिरस्ता आहे. या ग्रंथांच्या भाषेंत प्रथम नजरेस येतें तें हें कीं, त्यांतील वाक्यांना कर्ता नाहीं. 'गुणवत्ता वृद्धिंगत करण्यांत येईल', 'संशोधनास चालना दिली जाईल', 'उद्योगजगताशीं संबंध दृढ केले जातील'. कर्मणि प्रयोग मराठीला नवा नाहीं. पण 'रामानें रावण मारिला' असें जेव्हां आपण म्हणतों तेव्हां त्यांत राम असतो. येथें रावण मारला जातो, आणि मारणारा कोण हें ग्रंथकारालाहि ठाऊक नसतें. कर्ता नसल्यामुळें सोय अशी होते कीं पांच वर्षांनीं रावण जिवंत आढळला तरी कोणाला जाब विचारतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट शब्दांची. हे शब्द मराठींत विचार करून आलेले नाहींत. ते इंग्रजींतून आले, आणि इंग्रजींतहि ते मूळचे विद्यालयाचे नसून व्यापारी मंडळ्यांच्या कचेऱ्यांतले आहेत. विद्यार्थी, त्याचे आईबाप, शिक्षक, शिपाई, गांवकरी या सर्वांना मिळून एका आराखड्यांत 'भागधारक' असा शब्द योजला आहे. हा शब्द वाचून आम्हांस हंसूं आलें व नंतर थोडा विचार पडला. खऱ्या भागधारकाला निदान वर्षाचा ताळेबंद घरीं येतो, वार्षिक सभेंत मत देतां येतें, नफा झाल्यास लाभांश मिळतो. आमच्या पालकाला यांपैकीं काय मिळतें? फी भरल्याची पावती. तिसरी गोष्ट संख्येची. एका ग्रंथांत 'अग्रक्रम' या मथळ्याखालीं आम्हीं सत्तेचाळीस कलमें मोजलीं. ज्या पंक्तींत सत्तेचाळीस पाहुणे पहिल्या पाटावर बसले आहेत, त्या पंक्तीला पहिला पाट आहे असें म्हणतां येईल काय?

या सर्व प्रकाराला 'व्यूहात्मक नियोजन' असें भारदस्त नांव आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीं ग्रीक सेनापति आहे, व आपल्या शब्दांत भारती युद्ध आहे. दोन्हीकडे रण आलेंच. पण व्यूह कां रचावा लागतो? सेना अपुरी असते म्हणून. हत्ती कोठें ठेवावे, घोडदळ कोठें ठेवावें, कोणती बाजू मोकळी सोडावी हें ठरवावें लागतें, कारण सगळीकडे सगळें ठेवण्याइतकें कोणाहि राजापाशीं नसतें. ज्या आराखड्यांत कोणतीहि बाजू मोकळी सोडलेली नाहीं त्याला व्यूह म्हणणें हा शब्दाचा अपमान आहे.

आणि योजनेचें गद्य आमच्या भाषेंत कधीं नव्हतें असेंहि नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेलें 'आज्ञापत्र' १७१५-१६ च्या सुमाराचें. त्यांतील दुर्गांचें आणि आरमाराचें प्रकरण ज्यांनीं वाचलें असेल त्यांना ठाऊक आहे कीं, योजना लिहितांना मराठी लेखणी किती नेमकी चालत असे. किल्ला बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें. एका झऱ्यावर भिस्त ठेवूं नये, तोफांच्या धडाक्यानें झरे जातात, म्हणून टांकीं बांधून ठेवावीं. किल्ल्याजवळ बरोबरीची दुसरी टेकडी असूं नये. असली तर फोडावी, तें न जमल्यास तीहि बांधून घ्यावी. आरमाराला लांकूड हवें, पण रयतेचीं आंब्या-फणसाचीं झाडें तोडूं नयेत, कारण लावणाऱ्यानें तीं अनेक वर्षें जोपासलेलीं असतात. यांत 'दुर्गविषयक सुविधांचें सक्षमीकरण' कोठेंहि नाहीं. पाणी नसेल आणि तें करतांहि येत नसेल, तर किल्ला नाहीं, इतका तो सरळ हिशेब आहे. शिक्षक नसतील तर अभ्यासक्रम काढूं नये, अशा अर्थाचें एखादें वाक्य आम्ही त्या चार ग्रंथांत शोधीत होतों. तें मिळालें नाहीं. उलट ज्या विभागांत मंजूर जागांपैकीं निम्म्या रिकाम्या असल्याचें परिशिष्टांत म्हटलें आहे, त्याच विभागांत दोन नवे अभ्यासक्रम सुरू करण्याचा संकल्प मुख्य ग्रंथांत आहे. परिशिष्ट आणि ग्रंथ यांची गांठ बहुधा बांधणाऱ्याच्या दुकानांतच प्रथम पडली असावी.

सोडून देणें हाहि योजनेचा भाग आहे, किंबहुना मुख्य भाग आहे, हें शिक्षणाच्या क्षेत्रांत ज्यांनीं करून दाखविलें त्यांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याचें नांव आधीं घ्यावें लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या मुलांची लाट १९६० नंतर महाविद्यालयांच्या दारांशीं येणार हें तेथील लोकांना दिसत होतें. राज्याचें जुनें विद्यापीठ, राज्याचीं महाविद्यालयें आणि गांवोगांवचीं दोन वर्षांचीं कनिष्ठ महाविद्यालयें अशा तीन थरांच्या संस्था तेथें होत्या, व खालचा थर वरच्यासारखा होऊं पाहात होता. आपल्या मतदारसंघांत एक तरी नवी संस्था निघावी असें तेथील आमदारांना वाटे. (हा रोग आपल्याच हवेंत होतो अशी कोणाची समजूत असेल तर ती दूर व्हावी.) विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर हे मूळचे औद्योगिक संबंधांचे अभ्यासक, मालक आणि मजूर यांच्यांत तडजोडी घडविण्यांत मुरलेले. त्यांनीं व इतरांनीं मिळून १९५९ मध्यें जो 'मास्टर प्लॅन' ठरविला आणि ज्याचा मुख्य भाग १९६० मध्यें कायद्यांत आला, तो बारकाईनें वाचला तर 'कोणीं काय करूं नये' याचा करार आहे असें दिसतें. विद्यापीठानें शालान्त मुलांपैकीं वरच्या साडेबारा टक्क्यांतूनच विद्यार्थी निवडावे. राज्य महाविद्यालयांनीं वरच्या तृतीयांशांतून निवडावे. कनिष्ठ महाविद्यालयांनीं येईल त्याला घ्यावें, आणि तेथें चांगला अभ्यास करणाऱ्याला पुढें वरच्या संस्थेंत जाण्याची वाट असावी. डॉक्टरेट देणें हा विद्यापीठाचा अधिकार. राज्य महाविद्यालयांना ती द्यावयाची तर विद्यापीठाशीं संयुक्तपणेंच द्यावी. म्हणजे विद्यापीठानें आपलें दार पूर्वींपेक्षां अरुंद करून घेतलें, महाविद्यालयांनींहि तसेंच केलें व शिवाय डॉक्टरेटचा हट्ट सोडला; आणि या दोघांनीं जीं मुलें सोडलीं त्यांच्यासाठीं तिसरें दार सताड उघडें ठेवण्यांत आलें.

ही योजना निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं. अठराव्या वर्षींच्या गुणपत्रिकेवरून मनुष्याचा थर नेमून देणें यांत एक निष्ठुरता आहे. खालून वर जाणारी वाट कागदावर रुंद आणि चालतांना अरुंद, अशी तक्रार तेथें पुष्कळांनीं केली. राज्यांतील रहिवाशांकडून शिकवणीची फी घेऊं नये हें तत्त्व त्या योजनेंत होतें, तें पुढें टिकलें नाहीं. खुद्द केर यांना १९६७ च्या जानेवारींत, रोनाल्ड रेगन गव्हर्नर झाल्यावर लगेचच, नियामक मंडळानें पदावरून दूर केलें. परंतु राज्य विद्यापीठांना शिक्षणशास्त्राची स्वतंत्र डॉक्टरेट देण्याची मोकळीक मिळण्यास २००५ चा कायदा उजाडावा लागला. योजनेचा प्रमुख पुरस्कर्ता गेल्यानंतर अडतीस वर्षें त्यानें घातलेलें कुंपण उभें राहिलें, कारण तें बांधणाऱ्या प्रत्येकानें त्यासाठीं आपल्या शेताचा थोडा तुकडा सोडलेला होता.

आतां घराकडे वळूं. पुण्याचा तो इतिहास वाचकांना पाठ आहे. तरी योजनेचें वाङ्मय म्हणून तो क्वचितच वाचला जातो. न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या जानेवारींत निघालें. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ च्या ऑक्टोबरांत स्थापन झाली, व १८८५ च्या आरंभीं फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. या मंडळींची योजना म्हणजे आजीव सभासदत्वाची अट. वीस वर्षें संस्थेची सेवा करावी. वेतन पोटापुरतें घ्यावें, जें पुढें कित्येक वर्षें महिना ७५ रुपये होतें. आणि जे सेवा करतील त्यांनींच संस्थेचा कारभार पाहावा. केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन आलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०२ मध्यें याच अटीखालीं फर्ग्युसनमध्यें रुजू झाले. या योजनेला कर्ता आहे, कर्म आहे, आणि क्रियापदाला काळहि आहे.

तिच्यावरून भांडण झालें तें मराठी वाचकाला विसरतां येणें शक्य नाहीं. टिळकांनीं १८९० च्या डिसेंबरांत संस्थेचा राजीनामा दिला, त्याला निमित्त झालें तें गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें याचें. राजीनाम्यासोबतचें टिळकांचें विस्तृत निवेदन आजहि वाचनीय आहे. त्यांत तक्रार आहे, कडवटपणा आहे, पण एकहि वाक्य निनांवी नाहीं. त्यांचा मुद्दा असा कीं, जेझुइट पंथाच्या लोकांप्रमाणें आजीव सभासदानें आपली सगळी शक्ति संस्थेला द्यावी, बाहेर कामें करून मिळकत वाढवूं नये. दुसऱ्या बाजूचें म्हणणें असें कीं, वेतन इतकें तुटपुंजें ठेवावयाचें तर फावला वेळ तरी ज्याचा त्याला असूं द्यावा. आणि संस्थेबाहेरचीं कामें टिळकांच्याहि अंगावर होतींच. आम्हांस विचाराल तर तत्त्व टिळकांचें बरोबर होतें आणि संसार दुसऱ्या बाजूचा खरा होता. आगरकरांची प्रकृति, त्यांचें अकालीं जाणें व मागें राहिलेलें कुटुंब ज्याला आठवतें त्याला एका बाजूनें निकाल देणें जड जातें. पण आमच्या विषयापुरतें महत्त्व या भांडणाच्या निकालाला नाहीं. ती अट खरी होती, ती पाळली कीं मोडली हें दिसत होतें, म्हणूनच तिच्यावरून माणसें दुभंगलीं. 'वृद्धिंगत करण्यांत येणाऱ्या' गुणवत्तेवरून कोणा प्राध्यापकानें राजीनामा दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

पुढारीपण म्हणजे काय, याचाहि उलगडा येथेंच होतो. आजच्या प्रत्येक आराखड्यांत 'नेतृत्वविकास' नांवाचें एक प्रकरण असतें, आणि त्याचें साधन म्हणून तीन दिवसांचें शिबिर सांगितलेलें असतें. शिबिराला आमचा विरोध नाहीं. जेवण बहुधा बरें असतें. पण महाराष्ट्रांतील कुलगुरूची कायद्यानें ठरलेली मुदत पांच वर्षांची, तीहि वयाच्या पासष्टीच्या आंत, व दुसऱ्यांदा नेमणूक नाहीं. असा मनुष्य पंचवीस वर्षांच्या आराखड्याची प्रस्तावना लिहितो तेव्हां त्यांतील चारपंचमांश काळ तो दुसऱ्याच्या नांवावर उधार घेत असतो. हा त्या व्यक्तीचा दोष नव्हे. पण ग्रंथानें हें निदान सांगावें. पहिल्या पांच वर्षांत माझ्या हातून काय होईल तें अमुक पानावर आहे, बाकीचें माझ्या मागून येणाऱ्यांना केलेली विनंति आहे, इतकी विभागणी करावी. आमच्या पाहण्यांतील कोणत्याहि प्रस्तावनेंत ती नाहीं.

धोंडो केशव कर्वे यांचें उदाहरण यापेक्षां गुंतागुंतीचें आहे, व तें भक्तिभावानें सांगून संपविण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस पसंत नाहीं. जपानांतील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांच्या मनांत कल्पना आली, १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं ती मांडली, आणि १९१६ मध्यें महिला विद्यापीठ निघालेंहि. शिक्षण मातृभाषेंतून, इंग्रजी हा सक्तीचा पण दुय्यम विषय, आणि अभ्यासक्रम स्त्रियांच्या गरजा पाहून आंखलेला. हें सर्व हवें तर सरकारमान्य पदवीचा मोह सोडावा लागेल हें त्यांना दिसत होतें, आणि त्यांनीं तो सोडला. विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १९२० मध्यें पंधरा लक्ष रुपये दिले तेव्हां संस्थेला आर्थिक पाया मिळाला. कायद्याची मान्यता मात्र १९५१ मध्यें आली. मधल्या पस्तीस वर्षांत जो त्याग झाला तो कोणाचा? अण्णासाहेबांचा तर होताच. पण त्याचा मोठा वांटा त्या मुलींनीं उचलला, ज्यांच्या हातांतील पदवीला सरकारदरबारीं किंमत नव्हती. पुढाऱ्याच्या निग्रहाचें देणें अनुयायांच्या खात्यांतून फिटतें, हें चरित्रकारांनीं सांगावयास हवें होतें. तरीहि आम्ही कर्व्यांच्या बाजूनें उभे राहूं, याचें कारण असें कीं त्यांनीं काय मिळेल आणि काय मिळणार नाहीं हें आधीं सांगितलें. ज्या आल्या त्या जाणून आल्या.

कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ मध्यें कऱ्हाड तालुक्यांतील काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्यास तिचा पसारा मांडला. त्यांची योजना एका ओळींत बसते: सर्व जातींच्या मुलांनीं एकत्र राहावें, एकत्र जेवावें, आणि कष्ट करून शिकावें. मुलांच्या पोटाची सोय करतांना लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, हें घरोघर ठाऊक आहे. १९४७ मध्यें साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें तें त्या एका ओळीचें अठ्ठाविसाव्या वर्षींचें फळ.

आतां कोणी म्हणेल, हीं सत्ययुगाचीं वर्णनें झालीं. लक्षावधि मुलांचें शिक्षण ७५ रुपयांच्या त्यागावर चालणार नाहीं, चालूंहि नये. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. राष्ट्रीय धोरणानें उच्च शिक्षणांतील पटाचें प्रमाण २०१८ मधील २६.३ टक्क्यांवरून २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचें ठरविलें आहे. तें काम आजीव सभासदांचें नव्हे. पण त्यागाचें युग संपलें असें जें मानतात त्यांनीं एखाद्या महाविद्यालयांत जाऊन 'तासिका तत्त्वावर' शिकविणाऱ्या तरुणाशीं बोलावें. तो पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, कदाचित् डॉक्टरहि आहे; त्याला तासाप्रमाणें पैसे मिळतात, सुट्टीचे मिळत नाहींत, पुढील वर्षीं बोलावणें येईल कीं नाहीं हें ठाऊक नसतें, आणि लग्नाचा विषय घरांत निघाला कीं तो ग्रंथालयांत जाऊन बसतो. आगरकर-टिळकांच्या वेळीं ज्यानें कमी घेतलें त्याच्याच हातांत कारभार होता. अट त्याची होती, मत त्याचें होतें, भांडण्याचा हक्कहि त्याचा होता. या तरुणाचा त्याग मात्र परस्पर जमेस धरलेला आहे, आणि ज्या आराखड्याचे वर्ग तोच घेतो, त्यांत त्याचा उल्लेख 'उपलब्ध मनुष्यबळ' या दोन शब्दांत आटोपतो. आम्हांस या सर्व वाङ्मयावर जो राग आहे तो भाषेच्या सौष्ठवासाठीं नाहीं. तो या दोन शब्दांसाठीं आहे.

यावर तोडगा सुचविणारा मनुष्य आपल्यांतच होऊन गेला. कोल्हापूर जिल्ह्यांत जन्मलेले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणींत खपलेले जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळांतील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. योजना केवळ दिल्लीस किंवा मुंबईस होऊं नये, प्रत्येक शाळेनें आपल्यापुरती करावी. आणि ती करतांना अनुदान किती मिळेल याच्या आधीं, आहे त्या साधनांत व आहे त्या माणसांच्या श्रमांत काय करतां येईल तें पाहावें, या विचाराचा त्यांनीं जन्मभर पाठपुरावा केला. म्हणजे आजच्या या संस्थानिहाय आराखड्यांचे आजोबा तेच. पण आजोबांचा एक गुण नातवंडांत उतरला नाहीं. नाईक १९८१ मध्यें वारले. आपण ज्या आयोगाचे सचिव होतों त्याच्या शिफारशींचें पुढें काय झालें, काय फसलें आणि कां फसलें, याचा त्यांनीं लिहिलेला ताळा 'द एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर' या नांवानें १९८२ मध्यें प्रसिद्ध झाला. स्वतःच्या योजनेचें असें परीक्षण करणारा दुसरा योजनाकार आपल्याकडे शोधावा लागेल. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावे ही त्या आयोगाची शिफारस २०२० च्या धोरणांत पुन्हा आली आहे; मधल्या पन्नासांहून अधिक वर्षांत ती कां पुरी झाली नाहीं याचें विवेचन मात्र त्या मानानें थोडें आहे. आमच्या चार ग्रंथांपैकीं एकांतहि मागील आराखड्याचा हिशेब नाहीं. प्रत्येक ग्रंथ असा आरंभ करतो कीं जणूं संस्था काल रात्रीं जन्मली.

राहिला पांचवा ग्रंथ. तो एका तालुक्याच्या गांवच्या लहान महाविद्यालयाचा, सोळा पानांचा. कागद साधा, चित्र एकहि नाहीं. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, आणि प्राचार्यांना स्वल्पविरामाचें वावडें असावें. पहिल्या तीन पानांत मागील आराखड्यांतील बारा कलमांचा निकाल दिला आहे: पांच पुरीं झालीं, चार अर्धवट आहेत, तीन सोडून दिलीं. सोडलेल्यांत भूगोलाचा पदव्युत्तर वर्ग आहे. कारण एका वाक्यांत दिलें आहे, तें असें कीं शिक्षक दोनच आहेत आणि ते पदवीच्या वर्गांनाच पुरे पडत नाहींत. त्या वर्गासाठीं बाजूला ठेवलेली रक्कम ग्रंथालयाकडे वळविली आहे, म्हणजे तें रात्रीं नऊपर्यंत उघडें ठेवतां येईल; ज्यांच्या घरीं अभ्यासाला जागा नाहीं अशा मुलामुलींची वर्गवार मोजणीहि शेजारीं दिली आहे. तासिका तत्त्वावरील शिक्षकांचीं नांवें इतरांबरोबर एकाच यादींत, एकाच टाइपांत आहेत, व योजना ठरविण्याच्या सभेला ते हजर होते अशी नोंद आहे. शेवटच्या पानावर प्रत्येक कलमासमोर माणसाचें नांव आहे. ग्रंथालयाच्या कलमापुढें ग्रंथपाल आणि शिपाई अशी दोघांचीं नांवें आहेत. आणि त्याखालीं, रात्रीं परत जाणाऱ्या मुलींसाठीं शेवटची एस. टी. साडेआठाऐवजीं सव्वानऊला सुटावी म्हणून आगारप्रमुखांना लिहिलेल्या तीन पत्रांच्या तारखा. तिसऱ्या पत्राचें उत्तर आराखडा छापून होईपर्यंत आलेलें नव्हतें.